वस्तीची गाडी

काल आईला चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, पहाटे साडेपाचला पाखाडीच्या पायऱ्या उतरताना खालून गाडी चालू केल्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली खरी, पण ती गेली आतून, खेड-चिपळूण-संगमेश्वर करत. किनाऱ्यावरच्या माणसाला ट्रेन पकडायला पण आधी एसटीच लागते.

शहरातल्या मित्रांना वस्तीची गाडी म्हणजे काय ते सांगावं लागतं. रात्रीची शेवटची फेरी गावात येते, डायवर-कंडक्टर इथेच झोपतात आणि सकाळची पहिली फेरी घेऊन निघतात. गाडी रात्रीच गावात असते म्हणूनच पोरं वेळेत शाळेला पोचतात, कोळणींच्या पाट्या बाजाराला लागतात, नाहीतर डेपोतून सकाळी सुटलेली गाडी आमच्याकडे येईस्तोवर अर्धा दिवस गेला. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्यांना कुठल्या ना कुठल्या घरातून गरम पाणी, चहा जातोच, ते कोणी ठरवलेलं नाहीये.

आमची आजी पंचाहत्तरीच्या पुढची, तिला ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत, आणि कंडक्टर जवळ येण्याआधीच गाठ सोडून तयार! मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना हाफ तिकीट झालं, तेव्हापासून काकू शृंगारतळीच्या बाजाराला एकटी जाते, घरात कोणाकडे पैसे मागत नाही, कोणाच्या बाईकची वाट बघत नाही. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला तो पार एप्रिलपर्यंत चालला. कामगारांचं म्हणणं त्यांच्या जागी, त्यात मी पडत नाही, पण ते महिने आमच्या वाडीने कसे काढले ते आम्हाला माहीत. खासगी वडापवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही, त्यात त्याची चूक नाही, त्याला डिझेल परवडायला हवं. पण दवाखान्याची वेळ गाडी भरायची वाट बघत नाही ना.

म्हणून गावातल्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बाईक आहे ठीक आहे, पण आठवड्यातून दोनदा तरी एसटीने जा. फेरीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचा हिशोब, कमी झालं की ती कागदावर तोट्यात दिसते, आणि पहाटेच्या गाडीत सहाच माणसं असली तरी त्यातलं एक डायलिसिसला निघालेलं असतं, हे भारमानाच्या आकड्यात कुठे येतं? वस्तीच्या गाडीला तो हिशोब लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला स्टँडवर एक बोर्ड दिसेना, मी रांगेत पाण्याची बाटली घेत होतो आणि तेवढ्यात आमची गाडी लागली. वळून बघतो तर खालच्या वाडीतली वहिनी आईचा हात धरून तिला वर चढवत होती, खिडकीजवळच्या सीटवर आधीच रुमाल टाकलेला.