विविधतेचा पेपर सोपा, सराव पाठ अवघड

शिक्षक ट्रेनिंगमधला विविधतेचा विषय आमच्या बॅचला सगळ्यात सोपा वाटायचा, समता, आदर, सर्वसमावेशक असे शब्द पेरले की मार्क पडतात, आणि पडलेही. खरी गंमत सराव पाठ सुरू झाल्यावर कळली.

आमच्या मॅडमची एक अट होती. जोडीतल्या एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मागे बसून शेरेबिरे काही न लिहिता वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढायचा आणि प्रश्न कोणाला गेला, उत्तरासाठी किती थांबलं, उत्तर चुकलं तर पुढे काय केलं, एवढ्याच खुणा करायच्या. कारकुनी काम वाटलं आधी. पण सगळ्यांचे कागद शेजारी शेजारी मांडले तर बहुतेक सारखेच, खुणांची गर्दी पुढच्या बाकांवर आणि घरी वेगळी भाषा बोलणारी, अडखळत बोलणारी मुलं बसतात तिथे कागद कोरा! मुद्दाम कोणी करत नव्हतं हो, पण तास संपत आलेला असतो, पाठ तपासणारे गाइड, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, बघत असतात, मग नजर पटकन उत्तर देणाऱ्याकडेच जाते.

थांबण्याबद्दल मेरी बड रो या संशोधिकेचं १९७० च्या दशकातलं काम तेव्हा वाचलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, ज्यांना ते कच्चं समजतात त्यांच्यासाठी तर अजूनच कमी, आणि तेच ३ सेकंदांच्या पुढे नेलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. ३ सेकंद म्हणजे काय एवढं, असं वाटत असेल तर शांत वर्गासमोर उभं राहून मोजून बघा.

मग जिगसॉ नावाची गटाने शिकायची पद्धत करून बघितली. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत, गोरी-काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती तेव्हा, ही पद्धत आणली, मुलांचे छोटे गट करायचे आणि धड्याचा एकेक तुकडा गटातल्या एकेका मुलाकडे, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं ऐकावंच लागतं. यात सारखाच तुकडा मिळालेल्या वेगवेगळ्या गटांतल्या मुलांना आधी एकत्र बसून तयारी करू द्यायची असते, ती पायरी घाईत गाळली तर सावकाश बोलणाऱ्या मुलावर बाकीचे वैतागतात आणि सगळं उलटंच होतं. वेशभूषा दिवस, भिंतीवरचे तक्ते यापेक्षा मला हे शंभरपट उपयोगी वाटतं (तक्ते करण्यात आमचे रविवार गेले ते वेगळंच).

शेवटी शेवटी मी पाठाच्या टाचणात एक जादा रकाना आखायला लागले, कोणता प्रश्न कोणाला, नावासकट. गाइड म्हणाले हे नमुन्यात बसत नाही. मी तो पेन्सिलने आखत राहिले.