पारा, डोके आणि टिल्लू पंप

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की दुपारी बारा ते चार रस्त्यांवर संचारबंदी लागल्यासारखा शुकशुकाट असतो. त्या वेळी भांडायचे त्राणही कोणात उरलेले नसते. भांडणे होतात ती उन्हे उतरल्यावर. आमच्या जुन्या इमारतीत तर एक भांडण दरवर्षीचे ठरलेलेच होते, कारण वरच्या मजल्यावरच्या कूलरचे पाणी नेमके खालच्या वाळवणावर ठिबकत असे. एका संध्याकाळी खालचे काका भिजलेल्या पापडांचे ताट घेऊन वर आले आणि म्हणाले, "वहिनी, हे पापड आता कढीत टाकू काय?" त्यावर आतून जे उत्तर आले, त्यामुळे प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेले. तिथल्या हवालदाराने तक्रार ऐकण्याआधी दोन्ही पक्षांना माठातले पाणी पाजले.

"उन्हाने डोकी तापली, दुसरे काय," असा निकाल सगळ्यांनी दिला. आपल्या भाषेत ही उपपत्ती तयारच असते. रागावलेल्याचे डोके तापते, त्याचा पारा चढतो, आणि थंड डोक्याने केलेला खून आपण अधिक भयंकर मानतो. बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी 1830 च्या दशकात फ्रान्समधील गुन्ह्यांची आकडेवारी तपासून जवळपास हेच मांडले होते: माणसांवरचे हल्ले उन्हाळ्यात अधिक आणि मालमत्तेचे गुन्हे हिवाळ्यात अधिक. तिकडच्या हिवाळ्यात रात्री लांब आणि गरजाही मोठ्या, हे ध्यानात घेतले तर त्यात नवल नाही.

मला मात्र अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरातला 1986 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अधिक आवडतो. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक मोटार मुद्दाम जागची हलवायची नाही, आणि मागचा चालक किती वेळा व किती वेळ हॉर्न वाजवतो ते मोजायचे, एवढाच तो साधा खटाटोप होता. उष्मा वाढला तसे हॉर्नही वाढले. पण ही वाढ अधिक ठळक दिसली ती काचा खाली केलेल्या, म्हणजे बहुधा एसी नसलेल्या गाड्यांच्या चालकांमध्ये. ऊन सगळ्यांसाठी सारखेच होते. कोणाच्या वाट्याला किती आले, ते काचेने ठरवले.

उन्हाळा माणसाला चिडवतो हे खरे, पण त्याआधी तो त्याला घराबाहेर काढतो, खिडक्या उघड्या ठेवायला लावतो आणि गच्चीवर झोपायला पाठवतो. खाली घर मोकळे असते आणि सुट्टीत गावी गेलेल्या शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप असते. चोराला याहून अधिक काय हवे? त्याचे डोके तापलेले असण्याची काहीच गरज नसते. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना आणि वीज गेलेली असताना त्याचे काम आणखी सोपे होते.

शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात चोरीला जाते ते पाणी, ही गोष्ट केटले यांच्या कोष्टकात बसणारी नाही. 2016 च्या दुष्काळात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात कलम 144 लावावे लागले होते. पाण्याच्या जागी पाचजण जमणे हाच हवामानाने तयार केलेला गुन्हा झाला, आणि पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले.

आमच्या इमारतीतही नळाची धार करंगळीएवढी झाली की टिल्लू पंप निघत. पालिकेच्या नळाला थेट पंप लावून पाणी ओढणे बेकायदा आहे, हे लहानथोर सर्वांना ठाऊक होते. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या टाकीत आणणारा हा उद्योग कोणी चिडून करत नसे. तो चाले पहाटे पाचला, दिवसातल्या सर्वांत गार वेळी, अगदी शांत डोक्याने. ज्या पापडांवरून चौकी गाठली गेली, त्या काकांचा पंप आणि वरच्या वहिनींचा पंप एकाच वेळी सुरू होत, आणि त्याबद्दल मात्र दोन्ही घरांत कधी चकार शब्द निघाला नाही. आमच्या पंपाची घरघर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर गोणपाट टाकलेले असे. ते गोणपाट मीच शोधून आणले होते.