शेजारच्या खुर्चीसकट आठवणारी नाटकं

मला कुणी विचारलं ना की अमुक नाटक कसं होतं, तर आधी नाटक आठवतच नाही, आधी आठवतं ते थिएटर. कोण कुठे हसलं, कुठल्या वाक्याला मागच्या रांगेतून "वा!" आलं, कुठे एकदम सगळे चिडीचूप झाले. नटांबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि लिहायलाच हवं, पण समोर बसलेल्या माणसांचं त्या रात्री काय झालं हे कुणी लिहून ठेवत नाही. यूट्यूबवर नाटक सापडतं, त्यात टाळ्याही ऐकू येतात, पण शेजारी बसलेली बाई काय पुटपुटली ते त्यात नसतं.

माझं नाटक बघणं सुरू झालं ते कुडाळजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत, दशावतारापासून, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यापासून. देवाची पालखी फिरून झाली की मध्यरात्री कधीतरी नाटक उभं राहायचं. मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाकडं आणि बाजूला पेटी, पखवाज, झांज, बस. राजा बसला की ते बाकडं सिंहासन, आणि तोच राजा रानात गेला की तेच बाकडं दगड, आणि कुणालाही यात काही कमी आहे असं वाटायचं नाही. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी आणि मग काळ्या वेषातला, मालवणीत बोलणारा संकासुर. आजी आम्हाला हलवून सांगायची, "निजा नको हां, आता संकासुर येतलो!" आणि आम्ही डोळे चोळत पुढे सरकायचो.

पण खरी गंमत पुढच्या आख्यानाची, म्हणजे पुराणातल्या मुख्य कथेची. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली असते आणि नट उभ्या उभ्या बोलतात. म्हणजे दोन राजे वादाला उभे राहिले की ते खरोखरचं वाक्‌युद्ध असतं, आणि पुढे चादर अंगावर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना पुराणं तोंडपाठ. कुणी पुराणातला चांगला दाखला दिला की पुढच्या रांगेतून हुंकार यायचा, आणि कुणी अडखळला की ती म्हातारी मंडळी नुसती एकमेकांकडे बघायची. नटाला ते दिसायचं! पेट्रोमॅक्सच्या उजेडात एवढं जवळ बसलेलं असताना दिसणारच. प्रेक्षक म्हणजे गप्प बसून बघणारा माणूस नव्हे हे मी तिथे शिकले, आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत जागं राहायचं हेही.

मग नोकरीसाठी मुंबईत आले आणि दादरचं शिवाजी मंदिर हे आमचं दुसरं देऊळ झालं. शनिवार-रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती आधी वाचायच्या, बाकीच्या बातम्या नंतर. बुकिंगच्या खिडकीवर रांग लावायची, आतला माणूस प्लॅन समोर सरकवायचा, त्यावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, आणि आपण वाकून बघायचं की मधल्या पॅसेजच्या बाजूच्या दोन मिळतायत का. बहुतेक वेळा बाल्कनीच परवडायची. इंटरव्हलला बटाटेवडा आणि चहा, आणि त्या गर्दीत अनोळखी माणसं एकमेकांशी पहिल्या अंकाबद्दल बोलायची, हे मला अजूनही फार आवडतं.

"तो मी नव्हेच" तिथेच बघितलं. प्रभाकर पणशीकरांचं. नाटक 1962 सालचं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचं, आणि अर्ध्या थिएटरला ते पाठ. लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आणि त्याच्या तोंडून "तो मी नव्हेच" यायच्या आधीच लोकांच्या ओठांवर ते आलेलं असायचं. फिरता रंगमंच फिरायचा आणि काही क्षणांत लखोबाचा दिवाकर दातार झालेला, मग कॅप्टन परांजपे, मग राधेश्याम महाराज, सगळी त्या एकाच भामट्याची सोंगं. माझ्या शेजारी एक आजोबा होते, प्रत्येक वेळी रंगमंच फिरला की ते बायकोला हळूच सांगायचे, "आता बघ हं". त्यांनी ते नाटक आधी किती वेळा बघितलं असेल देव जाणे, पण त्यांना ते तिला दाखवायचं होतं. मला पणशीकरांचा आवाज जेवढा आठवतो तेवढंच ते "आता बघ हं" आठवतं.

आणि "चारचौघी". 1991 मध्ये आलं, प्रशांत दळवींचं लेखन, चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन, एक आई आणि तिच्या तीन मुलींची गोष्ट. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यात तो थोरल्या विद्याचा प्रसिद्ध फोनचा प्रवेश, वंदना गुप्ते एकट्या रिसीव्हर कानाला लावून नवऱ्याशी बोलतायत, पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, आणि किती वेळ चाललंय याचं भान राहत नाही. आमच्या आसपास अक्षरशः कुणी खोकलंसुद्धा नाही. मी तिरक्या नजरेने बघितलं तर सासूबाईंनी पर्सचा बंद घट्ट धरून ठेवलेला. पुढे धाकटी विनी म्हणते की तिला दोन पुरुषांबरोबर राहायचंय, तेव्हा मात्र थिएटरभर कुजबुज सुरू झाली, मागे कुणीतरी "काहीतरीच" असं मोठ्याने म्हणालं. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. ट्रेनमध्येही नाही. घरी येऊन कुकर लावताना म्हणाल्या, "तिने फोन ठेवायला नको होता इतक्यात, अजून बोलायचं राहिलं होतं तिचं." बस एवढंच, नंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

तेच नाटक 2022 मध्ये परत आलं, रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे. या वेळी मी लेकीबरोबर गेले. आता प्लॅन मोबाईलवर, आणि सीट निवडायची ती बोटाने. मुक्ताचा फोनचा प्रवेश संपला तेव्हा टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो थांबेचना, मलाही अंगावर काटा आला, पण आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हाची ती शांतता मला जास्त जवळची वाटते, खरं सांगते. आणि विनीच्या प्रवेशाला कुजबुज नाही, उलट तरुण पोरापोरींची रांगच्या रांग हसत होती, चिडवल्यासारखं नाही, ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, विनीचं तिला सहज पटलं, पण आईचंच पटलं नाही, एका विवाहित माणसासाठी अख्खं आयुष्य एकटीने काढायचं म्हणजे काय! मी एकदम चिडले. मला ती आई त्या नाटकातली सगळ्यात मोठी बाई वाटते, मुलींना तिने ताठ मानेने वाढवलंय, त्या माणसाच्या नावावर नाही. लेक म्हणे मग त्या माणसाला काहीच का विचारत नाही ती? टॅक्सीत वाद, जिन्यावर वाद, जेवतानाही तेच, नवरा शेवटी ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला. मी तिला सासूबाईंचं फोनबद्दलचं वाक्य सांगितलं तर ती म्हणाली, आजीला पुढे काय बोलायचं होतं ते तू विचारलंस का? नव्हतं विचारलं. आता पुढच्या महिन्यात लेकीच्या मैत्रिणींबरोबर परत एक प्रयोग बघायचा ठरतोय, त्यातल्या दोघी माझ्या बाजूने आहेत.