शेतात सापडलेली तांब्याची चकती आणि तिच्यावरचा दुसरा छाप

मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणं हा इंग्लंडमध्ये रीतसर छंद आहे. शेतमालकाची परवानगी घ्यायची, सापडलेल्या वस्तूच्या वाट्याचं आधीच ठरवून ठेवायचं आणि संरक्षित पुरातत्त्वस्थळांच्या वाटेला जायचं नाही. मी मूळची साताऱ्याची. लंडनच्या आग्नेयेला असलेल्या केंट परगण्यात राहायला आल्यावर इथल्या क्लबात नाव घातलं आणि त्यात रमले. भारतातल्या वाचकांनी मात्र हे वाचून लगेच यंत्र मागवू नये. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

नांगरट झालेल्या एका रानात वीतभर खोलीवरून ही चकती निघाली. काळपट हिरवी, चांगली जाड, दोन्ही बाजूंनी जवळजवळ सपाट. एका बाजूला कडेने गोल फिरणारी अक्षरं होती, पण सलग एक शब्द लागत नव्हता. क्लबातले जाणते म्हणाले, टोकन असणार, म्हणजे सरकारी नाण्याऐवजी चालणारी खाजगी चकती. अंदाज अगदी रास्त होता. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी सुट्ट्या पैशांची इतकी चणचण होती की १७८७ पासून खाणमालक आणि दुकानदार स्वतःची तांब्याची टोकनं काढू लागले. १८११ च्या सुमारास पुन्हा तशीच लाट आली आणि शेवटी १८१७ मध्ये कायदा करून ती बंद करावी लागली. अशी टोकनं इथल्या शेतांत निघतात.

मला खटकलं ते अक्षरांचं बसणं. टांकसाळीत पाडलेल्या टोकनावर अक्षरं सहसा उठावाची असतात. ही आत रुतलेली होती, आणि त्यांच्या बरोबर मागे, दुसऱ्या बाजूला, धातू दबून सपाट झाला होता. आपल्याकडच्या जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफांनी पारख करताना ठोकलेल्या बारीक खुणा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन कळेल. छाप नंतरचा होता, म्हणजे काउंटरस्टॅम्प. मग प्रश्न दोन झाले: चकती कुणाची आणि छाप कुणाचा? हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे, असं मी ठरवलं. एकाचं उत्तर दुसऱ्यावर लादलं की शोध भरकटतो.

त्याआधी साफसफाईबद्दल. तांब्याची वस्तू दिसली की आपला हात चिंचेकडे, लिंबाकडे किंवा पितांबरीकडे जातो. जमिनीतून निघालेल्या तांब्याला यातलं काहीही लावू नका. तो हिरवा थर म्हणजेच उरलेला पृष्ठभाग असतो, आणि अक्षरांच्या कडा त्यातच टिकून असतात. मी चकती डिस्टिल्ड पाण्यात ठेवली, पाणी अधूनमधून बदललं आणि सुटी झालेली माती भिंगाखाली लाकडी टूथपिकने काढली. बस्स.

चकतीचा व्यास ३४ मिलिमीटर भरला, वजन १८ ग्रॅमच्या किंचित खाली. एवढ्यावरच बरीच नावं गळाली. १७९७ ची प्रसिद्ध ‘कार्टव्हील’ पेनी ३६ मिलिमीटरची आणि २८ ग्रॅमची. १८६० नंतरची ब्राँझची पेनी त्याहून पुष्कळ लहान, साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. उरल्या मधल्या काळातल्या तांब्याच्या पेन्या आणि काही पेनी-टोकनं.

निकाल लावला तो कडेने. एका जागी थर पातळ होता. तिथे दहापट भिंगातून पाहिलं तर कडेच्या मधोमध उथळ खाच आणि त्या खाचेत बारीक तिरक्या रेघा दिसल्या. तिसऱ्या जॉर्जच्या १८०६-०७ च्या पेनीची कड अशी असते. चौथ्या जॉर्जच्या आणि व्हिक्टोरियाच्या तांब्याच्या पेनीची कड साधी, गुळगुळीत. मग खोली अंधारी करून टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवा धरला आणि चकती थोडी थोडी फिरवत फोटो काढले. एका कोनात बसलेल्या ब्रिटानियाचा, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, गुडघा आणि त्रिशुळाची रेघ उमटली. म्हणजे टोकन नाही, सरकारी पेनी. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडलेली. याच टांकसाळीने १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडले होते, एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू. हे कळल्यावर ती चकती मला एकदम जवळची वाटली.

आता छाप. त्याच आडव्या उजेडात तीनचा आकडा आणि त्याला लागून बारीक ‘डी’ दिसला. जुन्या पद्धतीत ‘डी’ ही पेन्सची खूण, म्हणजे तीन पेन्स. पुढे ‘पोस्ट’ आणि एक ‘एफ’. वरच्या बाजूला ‘ई, के, एल, वाय’. शेवट ‘ईकेएलवाय’ म्हटल्यावर ‘वीकली’ सुचतंच, आणि किंमत व टपाल असलेलं साप्ताहिक म्हणजे वर्तमानपत्र. गाविन स्कॉट यांची ब्रिटिश नाण्यांवरच्या अशा छापांची १९७५ ची सूची हाताशी होती, शिवाय जुन्या लिलावांचे फोटो. ‘लॉइड्स वीकली न्यूजपेपर, ३ पेन्स, पोस्ट फ्री’ हा मजकूर अक्षरा-अक्षराच्या अंतरासकट जुळला.

एडवर्ड लॉइड हा लंडनचा प्रकाशक. पेनीला मिळणाऱ्या थरारक गोष्टी छापून तो वर आला आणि १८४२ मध्ये त्याने रविवारचं वर्तमानपत्र सुरू केलं. पुढे १८९६ मध्ये दहा लाख प्रतींचा खप गाठणारं ते ब्रिटनमधलं पहिलं वर्तमानपत्र ठरलं. त्याची जाहिरातीची तऱ्हा अशी की हाती येणाऱ्या तांब्याच्या नाण्यांवरच वर्तमानपत्राचं नाव ठोकायचं आणि ती बाजारात सोडायची. गिऱ्हाईक हा साधा कष्टकरी, आणि त्याच्या खिशात पेनी असणारच. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते.

‘पोस्ट फ्री’ या दोन शब्दांनी काळही सांगितला. त्या वेळी वर्तमानपत्रावर एक पेनीचा स्टॅम्पकर होता आणि तो भरलेला अंक टपालाने फुकट जाई. हा सक्तीचा कर १८५५ मध्ये उठला. त्याआधी, १८५३ मध्ये, चलनी नाण्यावर नाव किंवा शब्द ठोकणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. लॉइडच्या जाहिरातीच त्याला कारण झाल्या असं सांगतात. म्हणजे छाप १८४० च्या दशकातला किंवा फार तर १८५३ पर्यंतचा. राजाचा चेहरा इतका झिजलेला आणि अक्षरं मात्र त्या झिजेच्या वर बसलेली. नाणं चाळीसेक वर्षं हातोहात फिरल्यावर छापलं गेलं, हे त्याच्याशी नीट बसतं.

जिल्ह्याच्या ‘फाइंड्स लायझन ऑफिसर’ बाईंना, म्हणजे लोकांना सापडलेल्या वस्तू तपासून नोंदणाऱ्या अधिकाऱ्यांना, नाणं दाखवलं. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालच्या त्यांच्या योजनेत मुख्यतः तीनशे वर्षांहून जुन्या वस्तूंची नोंद होते, त्यामुळे आमची पेनी त्यात बसली नाही, आणि एकटं तांब्याचं नाणं खजिन्याच्या १९९६ च्या कायद्यातही येत नाही. पण त्यांनी भिंग लावून वाचन तपासलं आणि ते बरोबर असल्याचं सांगितलं. लंडनचं वर्तमानपत्र ठोकलेली पेनी इथल्या रानात कशी, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकोणिसाव्या शतकात लंडनचा कचरा आणि घोड्यांची लीद बोटींनी केंटला येई आणि खत म्हणून शेतात पडे. शहरातली हरवलेली चिल्लर त्याबरोबर येते. आमच्या त्याच रानात मातीच्या चिलमींचे तुकडे आणि फुटक्या बश्या ढिगाने निघतात, तेव्हा ही वाट मला पटते.

बोलीप्रमाणे नाणं शेतमालकाला दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडेच ठेवायला सांगितलं, बदल्यात फोटो आणि माहितीचा एक कागद मागितला. तो मी दिला: व्यास, वजन, कड, वाचलेली अक्षरं आणि न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं.