चहा ऊतू गेला आणि स्टोव्ह ठरला

डिसेंबरातली रात्र. वासोळ्याकडून चढून आम्ही तिघं कमळगडाखालच्या जंगलातल्या देवळापाशी मुक्कामाला थांबलो होतो. मी, आतेभाऊ आणि वहिनी. दुपारी गडावरच्या कावेच्या विहिरीत उतरून आल्यामुळे कपडे लाल झालेले, पायात गोळे आलेले आणि तिघांच्या डोक्यात फक्त चहा. पातेल्यात पाणी, पत्ती, साखर, आलं सगळं पडलं. स्टोव्हची ज्योत आधी जोरात, मग मंद, मग निरांजनाएवढी. कॅन हलवून पाहिला तर आत गॅस डचमळत होता, बाहेर यायला मात्र तयार नव्हता. पंचवीस मिनिटांनी आम्ही जे प्यायलो त्याला वहिनी म्हणाली, "ताई, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

माझा बर्नर तसा नवाच होता. तळहातात मावणारा, ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. त्याला अडाप्टर जोडून मी लांब नळकांड्याचा ब्युटेनचा कॅन वापरत होते, कारण तो सहज मिळतो. दोष कुणाचा ते घरी आल्यावर कळलं. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. बाहेर सात-आठ अंश असले तरी गॅस बाहेर पडताना कॅनमधलीच उष्णता ओढून घेतो, त्यामुळे कॅन बाहेरच्या हवेपेक्षा गार पडत जातो. शून्याजवळ पोचला की आत दाबच उरत नाही. त्या रात्री आतेभावाने कॅन दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरला, तेव्हा ज्योत जरा वर आली होती. तो प्रकार आम्हाला तेव्हा जादूच वाटला.

मग नवीन स्टोव्ह घ्यायचा ठरलं आणि साताऱ्यात ज्याला विचारावं त्याचं मत तयार.

आत्याने माळ्यावरून पितळी स्टोव्ह काढला. स्वीडनच्या लिंडक्विस्टने 1892 मध्ये प्रायमस काढला, त्याच जातीचा. काकडा पेटवा, बर्नर तापू द्या, पंप मारा, भोक चोंदलं की पिन घाला. आत्याचं म्हणणं, "याला थंडी-वारा काही नाही." आणि ते खरंच आहे! यात दाब हवामानावर नाही, आपल्या मनगटावर अवलंबून असतो. पण रिकामा स्टोव्हच पाठीवर जड, वायसर वाळून गेलेलं, आणि रॉकेल आता आणायचं कुठून? पुसून परत माळ्यावर ठेवला. आत्या दोन दिवस घुश्शात.

शेजारचे काका अपशिंग्याचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी हेक्सामिनच्या पांढऱ्या वड्यांची आठवण सांगितली. पत्र्याच्या घडीच्या चुलीवर वडी ठेवायची, काडी लावायची, बस्स. वजन नाही, गळती नाही. "पण पोरी, वास येतो आणि भांड्याच्या बुडाला चिकट काळं बसतं. मगभर पाण्याला ठीक. तिघांचा भात त्यावर लावलास तर तुझी रजा संपेल." काकांनी एवढं सांगितल्यावर वड्यांचा नाद सोडला.

आतेभावाने कोल्ड्रिंकचे डबे कापून स्पिरिटचा स्टोव्ह बनवला. दिसायला फार गोंडस. पण स्पिरिटमधून वजनाच्या मानाने गॅसच्या निम्म्याहून जरा जास्तच उष्णता मिळते, म्हणजे तेवढ्याच चहाला जवळजवळ दुप्पट इंधन वाहायचं. शिवाय उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. फेब्रुवारीत आपल्या डोंगरावरचं गवत कसं असतं हे ज्याने यवतेश्वराच्या बाजूला वणवा पाहिलाय त्याला सांगायला नको. न दिसणारी आग आणि वाळलेलं गवत ही जोडी मला नको होती. तीन दगड मांडून लाकडं पेटवायचं तर मी कधीच सोडलंय. गडावरच्या कोरीव दगडांना लागलेलं काळं बघवत नाही. (वासोट्याला हा प्रश्नच येत नाही. बामणोलीहून बोटीने जायचं, संध्याकाळच्या आत परतायचं, व्याघ्र प्रकल्पात आग पेटवायची नाही. तिथे डबाच न्यावा.)

म्हणजे शेवटी गॅसच. पण कॅन बदलायचा. आट्यांचा, बुटका, घुमटासारखा कॅन असतो, ज्याच्या आट्यांच्या तोंडाला लिंडाल व्हॉल्व्ह म्हणतात, त्यात बहुतेक आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो, प्रोपेन तर उणे बेचाळीसला. सह्याद्रीच्या थंडीला एवढं भरपूर झालं. हा कॅन महाग पडतो, आणि साताऱ्यात मी विचारलं त्या दुकानांत नव्हता. पुण्याहून मागवला तर कुरियरवाला म्हणाला, गॅस आहे, रस्त्यानेच येणार, थांबा. थांबले. रेल्वेत आणि विमानात तर हा नेताच येत नाही, हे उत्तराखंडला ट्रेकला जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं. तिथे पोचल्यावरच विकत घ्यायचा.

कॅन ठरला, आता शेगडी. कऱ्हाडच्या एका मैत्रिणीकडे जेटबॉइलच्या पद्धतीची एकसंध सिस्टिम होती. बर्नर आणि उंच मगासारखं भांडं एकमेकांत अडकतं, भांड्याच्या बुडाला धातूच्या पन्हळ्या असतात, त्यामुळे ज्योतीची उष्णता निसटून न जाता पाण्यात जाते. ती मागून आणली. माझा छोटा बर्नर होताच. वहिनीचा केकसाठीचा डिजिटल वजनकाटा घेतला आणि यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या गच्चीवर प्रयोग मांडला. एक लिटर पाणी उकळायचं आणि आधी-नंतर कॅनचं वजन करायचं.

हिशेबाने साध्या तापमानाचं लिटरभर पाणी उकळायला सात ग्रॅमच्या आसपास गॅस पुरायला हवा. बाकीचा जातो तो आजूबाजूची हवा तापवण्यात. गच्चीवर वारा नव्हता तेव्हा माझ्या बर्नरने साध्या पातेल्यात 13 ग्रॅम खाल्ला, सिस्टिमने 9. मला वाटलं, चार ग्रॅमसाठी कोण एवढे पैसे टाकणार? प्रकरण मिटलं.

मग आतेभाऊ म्हणाला, "तायडे, गच्चीवर कोण ट्रेक करतं?"

रविवारी आम्ही चाळकेवाडीला गेलो. ज्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या केल्यात तिथे वारा असणारच, यापेक्षा चांगली प्रयोगशाळा साताऱ्याला कुठली मिळणार! मोकळ्यावर माझा बर्नर मांडला. ज्योत पातेल्याच्या बाजूने आडवी वाहत होती, बुडाला जेमतेम शिवत होती. वीस मिनिटं, 34 ग्रॅम, आणि पाण्याला नुसते बारीक बुडबुडे. उकळी नाहीच. सॅक आणि दगडांचा तीन बाजूंनी आडोसा केला तेव्हा 18 ग्रॅममध्ये काम झालं. सिस्टिमलाही मोकळ्यावर त्रास झाला, पण आडोशाला 11 ग्रॅम. म्हणजे भांडण बर्नर विरुद्ध बर्नर नव्हतंच, वाऱ्याशी होतं.

यावर लोक सुचवतात की बर्नरभोवती अल्युमिनियमचा पत्रा गुंडाळा. कॅनच्या डोक्यावर बसणाऱ्या बर्नरला चारी बाजूंनी असं कोंडू नका. आतली धग थेट कॅनवर येते आणि कॅन फुटू शकतो. अंदाज सोपा आहे. कॅनला हात लावून बघायचा, चटका बसत असेल तर लगेच बंद.

सिस्टिम घ्यायचं मन झालं होतं. तिथेच सड्यावर, जाता जाता, त्यात आपला चहा टाकला. दूधपावडर घालून. आणि हा प्रकार मी वाचलेल्या एकाही परीक्षणात नव्हता, कारण ती लिहिणारे फक्त पाणी उकळतात आणि पाकिटात ओततात. उंच, अरुंद भांडं, खाली जोरकस ज्योत आणि वर दुधाचा चहा. अर्ध्या मिनिटात फेस वर आला, झाकण उचललं, आणि सगळं बर्नरवर. मैत्रिणीचा बर्नर! घरी येऊन टूथब्रशने तासभर साफ केला, तरी पेटवल्यावर जळक्या साखरेचा वास येतच राहिला. पिठल्याचं तर विचारूच नका. ज्योत मंद करायला गेलं की विझायची, मोठी ठेवली की बुडाला रुपयाएवढा काळा गोल. पाकिटातलं जेवण नेणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाने ही सिस्टिम डोळे झाकून घ्यावी. आम्ही तिघं आहोत आणि आम्हाला पिठलं लागतं.

तेव्हा कळलं की मी इतके दिवस शेगडी शोधत होते, शोधायला हवं होतं भांडं. तिघांचा चहा ऊतू न जाता मावेल, त्यात खिचडीही हलवता येईल, असं दीड लिटरचं बसकं पातेलं. बुडाला पन्हळ्या असलेलं मिळालं, अडीचशे ग्रॅमचं. पातेलं रुंद म्हटल्यावर कॅनच्या डोक्यावर ते डुगडुगणार, म्हणून खाली तीन पाय आणि बाजूला नळी असलेला बर्नर घेतला. तो 220 ग्रॅमचा. कॅन हातभर लांब राहतो, त्यामुळे याला वाऱ्याचा पत्रा बिनधास्त लावता येतो. सगळं मिळून माझ्या जुन्या बर्नरच्या कितीतरी पट वजन झालं. आतेभाऊ हसला. मी म्हटलं, चहा तू पिणार आहेस, वजन मी उचलते.

पहिल्यांदा जोडला तेव्हा नळीच्या टोकाशी बारीक सूं आवाज आला. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे. आत रबराची छोटी रिंग असते, ती तिरकी बसली होती. काढून नीट बसवली, परत फेस लावला, शांत. आता दर ट्रेकच्या आधी हे करते. त्यातली पिझोची, म्हणजे बटण दाबून पडणारी ठिणगी दव पडलं की रुसते, म्हणून काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत. आणि कितीही थंडी असली तरी तंबूच्या आत पेटवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच घात होतो.

जानेवारीत पुन्हा कमळगड. तेच देऊळ, तशीच थंडी. कॅन संध्याकाळपासून स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून ठेवला होता. तीन वेळचा चहा, एक वेळची मुगाची खिचडी, सकाळी तोंड धुवायला गरम पाणी. (हे वहिनीचे लाड.) तेवढ्या उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणून तांदूळ-डाळ आधी तासभर भिजवून घेतली, तरी खिचडीला घरच्यापेक्षा वेळ लागलाच. परत आल्यावर कॅनचं वजन केलं, 84 ग्रॅम गेले होते. 230 ग्रॅमच्या कॅनमध्ये असे दोन मुक्काम सहज आणि वर थोडा चहा.

मार्चमध्ये तो कॅन संपला. गच्चीवर वाल्व्ह उघडा ठेवून उरलासुरला गॅस जाऊ दिला, मग खिळ्याने भोक पाडलं. भंगारवाला आधी घ्यायलाच तयार नव्हता. "मॅडम, असलं फुटतंय." त्याला भोक दाखवलं. त्याने बोट लावून पाहिलं, तराजूत टाकला आणि चार रुपये दिले. आत्या दारात उभी होती. तिने त्याला विचारलं, "आणि पितळेचा काय भाव चाललाय सध्या?"