वही न उघडणारी माणसं

परवा एकादशीला येळ्ळूरला मामांकडं गेलो होतो. रात्री देवळात भजन. मामा आता ७८ चे, डोळ्यांचं तर काय सांगायचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनपण वहीतलं अक्षर लागत नाही. पण वही उघडायची गरज कुणाला आहे? पोरगं दुसऱ्या चरणाला अडखळलं की हे टाळ न थांबवता पुढचा शब्द अलगद त्याच्या तोंडात ठेवणार.

मला तिथं बसल्या बसल्या आर्तुरो तोस्कानिनी आठवला, ऑर्केस्ट्रापुढं काठी हलवून सगळ्यांना वाजवायला लावणारा कंडक्टर. हसू नका. आमच्या कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडपायी लहानपणापासून मला हातात काठी घेऊन उभ्या माणसाचं वेड, त्यातनं यूट्यूबवर हा सापडला. १८६७ ला इटलीतल्या पार्मात जन्म, वाजवायचा चेलो, म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ. नजर इतकी अधू की समोरच्या स्टँडवरचं नोटेशन दिसायचंच नाही, मग काय, सगळं पाठ करायचं. १८८६ ला ऑपेरा कंपनीबरोबर, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकवाल्यांबरोबर, ब्राझीलला गेला, रिओमध्ये पब्लिकनं कंडक्टरला हुर्यो करून पळवून लावलं, आणि सगळ्यांनी मिळून ह्या १९ वर्षांच्या चेलोवाल्या पोराला पुढं ढकललं, कारण त्याला पाठ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं 'ऐदा' हा अख्खा ऑपेरा वही न बघता उभा केला.

पुढं मिलानचं ला स्काला, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ऑपेरातली मोठी मोठी नावं, ते सगळं सांगत बसत नाही. तापट मात्र भयंकर. रिहर्सलला ओरडायचा, काठ्या मोडायचा. आमचे मामा फक्त टाळ जोरात आपटतात, तेवढ्यात कळतं सगळ्यांना. पण कण्यातपण दम होता बरं का, १९३१ ला बोलोन्यात फॅसिस्टांचं गाणं वाजवायला नाही म्हणाला तर थोबाडीत खाल्ली, तरी वाजवलं नाही म्हणजे नाहीच. नंतर अमेरिकेत एनबीसी ह्या रेडिओ कंपनीनं त्याच्यासाठी रेडिओचा ऑर्केस्ट्राच उभा केला, १९३७ ते ५४.

आणि ५४ चीच ती गोष्ट मला सोडत नाही. ४ एप्रिल, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, वय ८७, वाग्नरच्या 'तान्हॉयझर' ऑपेरातलं संगीत चाललेलं, रेडिओवर लाइव्ह. मधेच हात थांबल्यासारखा झाला. पाठ असलेलं डोक्यातनं निसटलं. रेडिओवाल्यांनी घाबरून मधेच ब्रह्म्स ह्या दुसऱ्याच संगीतकाराची रेकॉर्ड लावली म्हणे. मग सावरला, कार्यक्रम पुरा केला आणि गेला. तो शेवटचाच जाहीर कार्यक्रम. १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये वारला.

हे डोक्यात घोळत असतानाच आमच्या देवळात गवळण सुरू झाली, आणि मामा तिसऱ्या चरणाला गप्प. टाळ चालू, ओठ हलायलेत, शब्द नाही. पखवाजवाल्या पोरानं वर बघितलं आणि ठेका तसाच धरून ठेवला, एक आवर्तन, दोन आवर्तनं, कुणीच काही बोललं नाही, शेवटी मागच्या म्हातारीनं चरण उचलला.

येताना मामा वाटेत गप्पच. घरी चहा ठेवल्यावर म्हणाले, "ती वही घे की रे जरा, वाच बघू तो चरण."

पानं बुक्क्यानं एकमेकांना चिकटलेली. नखानं सोडवत बसलो.