१९७८ पासून अडकलेली एक तारीख

पेपरात अधूनमधून बातमी असतेच, अमुक सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली (धोकादायक गुंडांना आधीच आवरायचा महाराष्ट्राचा कायदा) वर्षभरासाठी स्थानबद्ध, रवानगी येरवड्याला. वाचून आपण म्हणतो बरं झालं, कटकट गेली. मीही म्हणतो, गल्लीत कोयते नाचवणाऱ्यांचा मला काही पुळका नाही. पण स्थानबद्ध म्हणजे शिक्षा नव्हे हो, खटला चाललेला नाही, काही सिद्ध नाही, हा पुढे काहीतरी करेल म्हणून पोलीस आयुक्तांनी नाहीतर कलेक्टरनी काढलेली ऑर्डर, आणि तिला आधार बऱ्याचदा इन कॅमेरा जबाबांचा, म्हणजे आपल्याविरुद्ध कोण बोललं ते त्याला कळणारच नाही.

बरं हे घटनाबाह्य वगैरे अजिबात नाही, घटनेतच आहे, कलम २२, तेही मूलभूत हक्कांच्या भागात! सल्लागार मंडळाचं (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का ते तपासणारं मंडळ) मत येण्याआधी तीन महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं.

आणीबाणीत मिसाखाली (तेव्हाचा स्थानबद्धतेचा केंद्रीय कायदा) लोकांना आत टाकलं, नऊ हायकोर्टं म्हणाली की आम्ही ही अटक तपासू शकतो, १९७६ मधे सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक ते उलटवलं (एकटे न्या. खन्ना विरोधात). म्हणून जनता सरकारने १९७८ ला ४४वी घटनादुरुस्ती आणली, आणीबाणीतही कलम २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) गोठवता येणार नाही हे त्यातलंच. त्यातच तीनाचे दोन महिने केले, आणि मंडळावर हायकोर्टाचे आजी-माजी न्यायाधीशच, तेही मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने. संसदेत पास झालं, सही झाली, फक्त एवढा भाग लागू कधीपासून ती तारीख केंद्राने द्यायची राहिली. ती अजून राहिलेलीच आहे!! जनतावाले गेले, काँग्रेस आली, भाजप आला, मिसात स्वतः तुरुंग बघितलेले मंत्री झाले, तारीख काही निघेना. रासुकाच्या (राष्ट्रीय सुरक्षा कायदा, यातही स्थानबद्धताच) केसमधे १९८१ ला हे सुप्रीम कोर्टापुढे गेलं, कोर्ट म्हणालं तारीख द्या असा आदेश आम्ही काढू शकत नाही.

आता सुरक्षेसाठी तीन महिने लागतातच म्हणावं, तर रासुकातच मंडळाने सात आठवड्यांत रिपोर्ट द्यायचाय. मग अडचण दिवसांची नाहीच. सध्या घटनेप्रमाणे हायकोर्ट न्यायाधीश व्हायची नुसती पात्रता असलेला माणूसही मंडळावर चालतो आणि नेमणार सरकारच, तारीख दिली की ही निवड हातातून जाणार. मला तरी घोडं इथेच पेंड खातंय असं वाटतं.